मोत्याचा कोट

तीस वर्षांच्या अध्यापनांत आम्हांस एक खोड जडली आहे. कोणीं कांहीं विचारलें कीं उत्तर देण्यापूर्वीं आम्ही प्रस्तावना करतों. आमच्या विद्यार्थ्यांस याची संवय झाली आहे. प्रस्तावना चालू असतां ते खिडकीबाहेर पाहतात आणि मुद्दा आला म्हणजे वहीकडे वळतात. घरीं मात्र ही सोय नाहीं. तेथें प्रस्तावना संपण्याच्या आधींच निकाल लागलेला असतो. कुत्र्यास थंडीवाऱ्यांत व पावसांत अंगावर कपडा हवा कीं नको, या प्रश्नावर आमच्या घरांत जो वाद झाला व त्याचें पुढें जें झालें, त्याची हकीकत येथें सांगावयाची आहे. एरवीं हा विषय एका मासिकाचीं पानें अडविण्याच्या योग्यतेचा नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु या वादांत आम्ही दोनदां चुकलों, आणि दुसरी चूक आमच्याऐवजीं दुसऱ्यास भोगावी लागली, म्हणून लिहितों.

तीन वर्षांपूर्वीं, दिवाळीच्या सुमारास, टोराँटोहून आमच्या मुलीनें धाडलेलें एक पार्सल आलें. आम्हीं कांहीं पुस्तकें मागविलीं होतीं. तीं निघालीं, पण पुस्तकांच्या खालीं तांबड्या रंगाची, आंत कापूस भरून शिवलेली, बाह्या नसलेली एक चमत्कारिक बंडी निघाली. सौभाग्यवतींनीं ती उलटसुलट करून पाहिली व "हें कोणाच्या बाळाचें?" म्हणून विचारलें. सोबत चिठ्ठी होती: "बाबा, हा कोट मोत्यासाठीं आहे. आतां तो म्हातारा झाला. पहाटे फिरावयास नेतां तेव्हां घालीत जा."

मोती त्या वेळीं अकरा वर्षांचा होता. मुलगी कॉलेजांत असतांना साताऱ्याच्या पोवई नाक्यावर तिला तो पावसांत भिजत असलेला सांपडला. तिनें तो ओढणींत गुंडाळून घरीं आणला. ती पुढें लग्न होऊन परदेशीं गेली आणि मोती आमच्या वांट्यास आला. जात विचाराल तर गांवठी. पण लांब तंगड्या, आंत गेलेलें पोट आणि निमुळतें तोंड पाहून त्याच्या कुळांत केव्हां तरी एखादा कारवानी शिकारी कुत्रा होऊन गेला असावा असा आमचा तर्क आहे. केस आंखूड, अंगाशीं चिकटलेले. इतके कीं फासळ्या मोजतां याव्यात.

कोट पाहतांच आम्हीं प्रस्तावनेस आरंभ केला. टोराँटोस जानेवारींत पारा शून्याखालीं दहा अंश जातो, कधीं वीसही जातो. रस्त्यावरचें बर्फ वितळावें म्हणून तेथें मीठ पसरतात. त्या मिठानें कुत्र्यांचे तळवे भाजल्यासारखे होतात, म्हणून तेथील लोक त्यांच्या पायांत मोजे-बूटही चढवितात. तेथील चाल तेथें शोभते. साताऱ्यास कडाक्याची थंडी पडली तरी पारा दहा-बारा अंशांवर थांबतो. आणि मुळांत सृष्टीनें ज्यास केसांचा कोट जन्मतःच शिवून दिला, त्यास शिंप्याचा कोट कशास? दाखला म्हणून आम्हीं रोआल्ड अमुंडसेन यास पुढें केला. 1911 सालच्या ऑक्टोबरांत तो दक्षिण ध्रुवाकडे निघाला तेव्हां त्याच्या गाड्यांस ग्रीनलंडचीं 52 कुत्रीं जोडलेलीं होतीं. रात्रीं तीं उघड्या बर्फावर शेपटी नाकावर घेऊन झोंपत. 14 डिसेंबर रोजीं तो ध्रुवावर पोंचला तो त्यांच्याच बळावर.

सौभाग्यवती तांदूळ निवडीत होत्या. त्यांनीं विचारलें, "परत किती आलीं?"

"अकरा."

"बाकीचीं थंडीनें मेलीं?"

येथें आमची पंचाईत झाली. थंडीनें नव्हे, बहुतेकांस ठरल्याप्रमाणें वाटेंत मारलें, आणि त्यांचें मांस माणसांनीं व उरलेल्या कुत्र्यांनीं खाल्लें. इतिहासाशीं खोटें बोलणें आमच्या स्वभावांत नसल्यामुळें आम्हीं तें सांगितलें.

"म्हणजे ज्यानें कुत्रीं खाल्लीं, त्याचा दाखला तुम्ही मोत्याच्या थंडीसाठीं देतां!" त्या म्हणाल्या. "आणि त्या कुत्र्यांचे केस केवढे, आपल्या मोत्याचे केवढे?"

या दुसऱ्या प्रश्नापाशीं आम्ही थांबावयास हवें होतें. सगळ्या वादाचें उत्तर त्यांत होतें. परंतु वादांत सांपडलेला प्राध्यापक एक दाखला पडला तर दुसरा काढतो. आम्हीं महाभारत काढलें. महाप्रस्थानाच्या वेळीं हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी पडली, चारी भाऊ पडले. धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत टिकला तो एक कुत्रा, आणि त्याच्या अंगावर कोट असल्याचें व्यासांनीं कोठेंही लिहिलेलें नाहीं. सौभाग्यवतींनीं सूप आपटलें. "तो प्रत्यक्ष यमधर्म होता. हा मोती आहे."

तरीही जय आमचाच झाला, कारण आमच्यापाशीं साताऱ्याचा स्वतःचा दाखला होता. माहुलीस कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची म्हणून एक समाधि आजही दाखवितात. साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनें 1826 सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत महाराजांच्या एका लाडक्या कुत्र्याची हकीकत आहे. त्यानें शिकारींत वाघापासून महाराजांचा जीव वांचविला होता. महाराजांनीं त्यास पालखीचा मान दिला, आणि एकदां भर दरबारांत त्याच्या अंगावर जरतारी वस्त्र व जवाहीर घालून स्वतःचें पागोटेंही त्याच्या डोक्यावर ठेवलें. "आतां सांगा," आम्ही म्हणालों, "त्या जरीनें कुत्र्याची थंडी गेली असेल, कीं दरबाऱ्यांचे डोळे दिपले असतील? कुत्र्याचा कपडा कुत्र्यासाठीं नसतोच. तो पाहणाऱ्यांसाठीं असतो." हें वाक्य आमचें आम्हांसच इतकें आवडलें कीं तें आम्हीं दुसऱ्या दिवशीं शिक्षकांच्या खोलींतही म्हणून दाखविलें. कोट कपाटांत गेला.

पौषांत थंडी वाढली. मोती पहाटे फिरावयास निघतांना दाराशीं घुटमळूं लागला. पाठ कमानीसारखी करी, शेपटी पोटाखालीं घेई, एक पाय उचली, मग दुसरा. वयोमानानें आळस आला असें आम्हीं ठरविलें व साखळी ओढली. शेजाऱ्यांच्या फाटकापर्यंत गेलें कीं तो घराकडे तोंड फिरवून उभा राही. आम्हांस तो हट्ट वाटे. एके दिवशीं पहाटे उठून पाहतों तों मोती आपल्या जागेवर नाहीं. न्हाणीघरांत, रात्रीं विझलेल्या बंबाच्या राखेपाशीं, तो वेटोळें करून पडला होता आणि त्याचें सर्व अंग थरथरत होतें. हांक मारली तेव्हां त्यानें शेपटी हालविली, पण उठला नाहीं.

त्यास रग्यांत गुंडाळून रिक्षानें गुरांच्या दवाखान्यांत नेलें. तेथील डॉक्टर वयानें आमच्या विद्यार्थ्याएवढे होते. त्यांनीं उष्णतामापक लावून पाहिला. निरोगी कुत्र्याचें अंग माणसापेक्षां अधिक गरम, 101 ते 102 अंशांच्या आसपास असतें. मोत्याचें 99 च्याही खालीं गेलें होतें. गरम पाण्याच्या पिशव्या फडक्यांत गुंडाळून त्याच्या दोहों बाजूंस ठेवल्या, आणि तो सावरेपर्यंतच्या तासाभरांत त्या तरुण माणसानें आम्हांस जो पाठ दिला तो आम्हीं एखाद्या विद्यार्थ्याप्रमाणें निमूटपणें ऐकला.

बर्फाळ प्रदेशांतील कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब व राठ. ते पाणी व वारा अडवितात. त्यांच्याखालीं मऊ, दाट लोकर. तिच्यांत हवा कोंडून राहते, आणि ती कोंडलेली हवा हीच खरी रजई. अशा कुत्र्यास आणखी कोट घालणें म्हणजे त्यास उकडवून काढणें. कुत्र्यास सर्वांगास घाम येत नाहीं. तळव्यांस किंचित् येतो, बाकीची उष्णता तो जीभ बाहेर काढून धापेवाटे घालवितो. म्हणून दाट केसांच्या कुत्र्यास कोट घालून घरांत बसविलें तर तें त्यास जाचक होतें. परंतु ज्याच्या अंगावर एकच आंखूड थर आहे, ज्याच्या कातडीखालीं चरबी नाहीं, जें फार लहान चणीचें आहे, जें पिल्लूं आहे किंवा म्हातारें अथवा आजारी आहे, त्याची ऊब लवकर निघून जाते. मोत्याच्या बाबतींत आंखूड केस, सडपातळ अंग आणि म्हातारपण हीं तिन्ही एकत्र आलीं होतीं. "सर, त्याला बोलतां येत नाहीं," डॉक्टर म्हणाले, "पण तो पाठ वांकवून, पाय उचलून, घराकडे तोंड फिरवून रोज सांगत असणार." आम्हांस शेजाऱ्यांचें फाटक आठवलें.

त्या संध्याकाळीं कोट कपाटांतून निघाला. पहिल्यांदा घातला तेव्हां मोती पुतळ्यासारखा जागच्या जागीं उभा राहिला; जणूं हालचाल केली तर कांहीं तरी फाटेल. दोन दिवसांनीं चालूं लागला. आठवड्यानें, आम्ही कोट हातांत घेतला कीं आपण होऊन मान पुढें करूं लागला. सौभाग्यवतींनीं "मी म्हटलें नव्हतें?" असें एकदांही म्हटलें नाहीं, फक्त अमुंडसेनाचें चरित्र वरच्या फळीवर ठेवून दिलें.

पराभव झाला म्हणजे तो पुस्तकांतून ताडून पाहण्याची आम्हांस संवय आहे. 1925 सालच्या जानेवारींत अलास्कांतील नोम गांवीं घटसर्पाची सांथ आली, तेव्हां सुमारें 674 मैल बर्फांतून, कुत्र्यांच्या वीस गाड्यांनीं हातोहात प्रतिविष पोंचविलें. शेवटच्या टप्प्यांतील बाल्टो कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या बागेंत उभा आहे. त्याच दौडींत चार्ली इव्हान्स नांवाच्या चालकाचे पुढले दोन कुत्रे आंखूड केसांचे होते. अशा कुत्र्यांच्या जांघांवर सशाचें कातडें बांधण्याची तिकडे चाल आहे. घाईंत तो तें विसरला. दोघेही हिमदंशानें वाटेंत कोसळले व मेले. पुढें त्यानें स्वतः गाडी ओढली. म्हणजे आमचा ध्रुवप्रदेशाचा दाखला ध्रुवाजवळच्या लोकांसही मान्य नव्हता. कोणत्या कुत्र्याचे केस केवढे हें ते पाहत होते. तांदूळ निवडतां निवडतां आम्हांस विचारलेला प्रश्न हाच होता.

येथवर आमची पहिली चूक झाली. तिच्यांतून सुटलों तेव्हां आम्ही कोटाचे कट्टर पक्षपाती बनलों. नव्यानें पंथ स्वीकारलेल्याची जी गत होते ती आमची झाली. थंडी सरली, उन्हाळा गेला, पावसाळा आला. आणि आम्हीं मोत्यास पावसांतही तोच कोट घालण्यास सुरुवात केली. बाहेरचें कापड भुरभुर अडवीत असे. साताऱ्याचा आषाढांतला पाऊस भुरभुर नसतो.

त्या दिवशीं सौभाग्यवती कऱ्हाडास बहिणीकडे गेल्या होत्या. आम्ही फिरून आलों ते दोघेही निथळत. इतक्यांत कॉलेजांतून दूरध्वनि आला. परीक्षेच्या कामांत कांहीं घोळ झाला होता, ताबडतोब बोलाविलें होतें. आम्हीं अंग पुसलें, कोरडे कपडे घातले, कढत चहा घेतला व निघालों. घोळ निस्तरून परत येण्यास चार तास लागले. दार उघडलें तों मोती पडवींत उभा. बसला नव्हता, अंगाला ओला कापूस चिकटलेला असल्यानें बसवत नसावें. पोटाखालच्या पट्ट्यांतून अजून पाणी ठिपकत होतें. आम्हीं स्वतःचे ओले कपडे बदलले होते. त्याचे बदलावयाचें आमच्या ध्यानांतही आलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं तो खोकूं लागला. पट्टा जेथें घांसत होता तेथें पुढल्या पायांच्या खाकेंत कातडी सोलवटून लाल झाली, मग चिघळली. दोन दिवस त्यानें अन्नास तोंड लावलें नाहीं. सौभाग्यवती परत आल्या. त्यांनीं काय झालें तें ऐकून घेतलें, पंचानें त्याचें अंग कोरडें केलें, जखम धुतली, आणि पुढले आठ दिवस माजघरांत त्याच्याजवळ आंथरूण घातलें. आम्हांस त्या कांहींही बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें झालें असतें.

डॉक्टरांनीं औषध दिलें व आणखी एक धडा दिला. ओला कोट कोरड्या कातडीपेक्षां वाईट. कोंडलेल्या हवेची रजई पाणी शिरलें कीं मोडते, आणि ओलें कापड अंगांतली ऊब शोषून घेत राहतें. उघडें कुत्रें भिजलें तर निदान अंग झटकतें. ही झटकणी क्षुल्लक गोष्ट नव्हे. अमेरिकेंतील जॉर्जिया येथील संशोधकांनीं 2012 सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, ओलें कुत्रें अवघ्या चार सेकंदांत केसांतील सुमारें 70 टक्के पाणी झटकून टाकूं शकतें. आम्हीं मोत्यास कोट घालून त्याची ती कला बांधून ठेवली, आणि त्याच्याऐवजीं जें करावयाचें तें केलें नाहीं. पावसासाठीं घालावयाचा तर तो पाणी न शिरणारा, पातळ, सैल असावा. आणि घरांत पाऊल टाकतांच काढून कुत्र्याचें अंग पुसावें.

मोती बरा झाला. खाकेंतल्या जागीं केस मात्र परत आले नाहींत. तेथें रुपयाएवढा एक गुळगुळीत डाग राहिला आहे.

पुढल्या हिंवाळ्यांत कॉलेजचे कांहीं विद्यार्थी आमच्याकडे आले. आवारांतील भटक्या कुत्र्यांसाठीं जुने स्वेटर कापून कोट शिवावयाचे, अशी त्यांची योजना होती. वर्गणी हवी होती, आणि मोत्याचा कोट रस्त्यावर सर्वांनीं पाहिलेला असल्यामुळें आमचा आशीर्वादही हवा होता. आम्हीं खिशांत हात घातला, पण खाकेंतला डाग डोळ्यांपुढें आला. आम्हीं विचारलें, "हे कोट काढणार कोण?" मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. रात्रीं दंव पडेल, स्वेटर भिजेल. दुपारीं ऊन तापेल, तरी अंगावर लोकर राहील. कुंपणाच्या तारेंत अडकेल, तर सोडवावयास कोणी नसेल. घालतांना छायाचित्र निघेल. काढावयाच्या वेळीं कोणी हजर नसेल.

"मग कांहींच करूं नये काय, सर?" एका मुलीनें विचारलें. तिच्या स्वरांत आमच्याविषयींची निराशा स्पष्ट होती, आणि आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

उत्तर रात्रपाळीच्या पहारेकऱ्यापाशीं निघालें. मुलांना घेऊन आम्ही आवारांत गेलों तेव्हां त्यानें आम्हांस मागल्या जिन्याखालीं नेलें. तेथें फळांचीं दोन लांकडी खोकीं आडवीं करून विटांवर ठेवलेलीं होतीं, म्हणजे खालची ओल वर येऊं नये. आंत भाताचा पेंढा, तोंडाशीं गोणपाटाचा पडदा, आणि पाठ वाऱ्याकडे. आंतून चार डोळे चकाकले. पेंढा दमट झाला कीं तो बदलतो, कांबळें कां नाहीं असें विचारतां म्हणाला, "कांबळं पाणी धरतं, साहेब. पेंढा धरत नाहीं." कोटांची गोष्ट त्याच्या कानीं घातली तेव्हां तो जरा हंसला. "अंगावर घातलेलं रोज कोण काढणार? खालीं कोरडं असलं कीं झालं." गेलीं कित्येक वर्षें तो हें करीत होता, आणि आम्ही त्याच जिन्यानें वर जाऊन वर्गांत करुणरसावर व्याख्यानें देत होतों. वर्गणीचे पैसे खोक्यांस व पेंढ्यास गेले. आतां आवारांत अशीं सहा खोकीं आहेत, आणि पेंढा बदलण्याची पाळी मुलांनीं आपसांत लावून घेतली आहे.

कुत्र्यास कोट हवा कीं नको, असें आतां कोणी विचारलें तर आमची प्रस्तावना फार आंखडली आहे. कोणतें कुत्रें, त्याचे केस केवढे, वय काय, आणि कोट काढावयास घरीं कोण आहे, एवढें विचारतों. शेवटच्या प्रश्नास उत्तर नसेल तर कोट देऊं नये, कोरडी जागा द्यावी.

मोती आतां चौदा वर्षांचा आहे. डोळ्यांवर सारा आला आहे, कानांनीं कमी ऐकूं येतें. रोज पहाटे दार उघडण्यापूर्वीं आम्ही त्याच्या फासळ्यांवर हात ठेवून पाहतों. मग कानांच्या टोंकांस, मग तळव्यांस. परत आल्यावर प्रथम त्याचा कोट, मग आमचा. गेल्या रविवारीं अजिंक्यतारा धुक्यांत बुडालेला होता, म्हणून आम्हीं कोट काढून हातांत घेतला. संवयीप्रमाणें मोत्यानें मान पुढें केली. अंगास हात लावला तों तें चांगलें ऊन होतें, आणि बाहेर वारा मुळींच नव्हता. आम्हीं कोट खुंटीवर परत ठेवला, व दोघे तसेच फिरावयास गेलों.